कामगार मंत्र्यांना खुले पत्र: सुटकेचा दाखला दिलात, पुनर्वसन कुठे आहे?

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

साहेब, मी सुधागड तालुक्यातल्या वाडीवरची कातकरी बाई. आश्रमशाळेत नववीपर्यंत शिकले, म्हणून हे पत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. गेल्या सोमवारी मजुरी बुडवून, वीटभट्टीवरच्या वेठबिगारीतून सुटल्याचा म्हणजे बंधमुक्तीचा दाखला घेऊन, पुनर्वसनाचे पैसे मागायला कचेरीत गेले. टेबलामागचे साहेब म्हणाले, "भट्टीमालकाची केस कोर्टात आहे. त्याला शिक्षा झाली की या. आणि आता तुम्ही वेठबिगार कुठे राहिलात?" तिथे माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. उत्तर इथे देते.

आमच्या लग्नासाठी नवऱ्याने भट्टीवाल्याकडून 25 हजार उचल घेतली. दिवाळी झाली की टेम्पो वाडीवर यायचा, पावसाच्या तोंडावर परत सोडायचा. रात्री दोनला उठून चिखल मळायचा, उजाडेपर्यंत साच्याने विटा पाडायच्या. अर्ध्या सुकलेल्या विटा पालटायला माझी सहा वर्षांची पोर. ती अंगाने हलकी, पाय पडला तरी वीट मोडत नाही, म्हणून ते काम पोरांचंच. तिच्या बोटांची पेरं फुटून रक्त यायचं. मी खोबरेल लावून फडकं बांधायची आणि पुन्हा रांगेत उभी करायची. हे लिहिताना हात थांबतो, पण मीच ते केलंय. शनिवारी आठवड्याच्या बाजारापुरती खर्ची मिळे, तीही कर्ज म्हणून वहीत चढे. हंगामामागून हंगाम राबलो आणि अंगावर 41 हजार निघाले! सासरे वारले तेव्हा मालकाने नवऱ्याला एकट्याला सोडलं, मला आणि पोरीला ठेवून घेतलं.

फेब्रुवारी 2023 मध्ये सुटलो. अधिकाऱ्यांनी सांगितलं, कर्ज संपलं, तातडीचे 30 हजार लगेच, बाईमाणसाला पुनर्वसनाचे 2 लाख. तातडीचे पैसे आले 14 महिन्यांनी. 2 लाखांचं उत्तर तुम्ही वर वाचलंत. मी वेठीला होते हे सरकारनेच सहीशिक्क्यानिशी लिहून दिलंय ना? मग माझी भाकरी मालकाच्या शिक्षेला का बांधलीत? कोर्टातल्या तारखा काय माझ्या हातात आहेत?

1976 च्या कायद्यात वेठबिगार ठेवणाऱ्याला जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि 2 हजार दंड. 2 हजार! याच कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यात दक्षता समिती सांगितली, तिच्यात आदिवासी-दलितांची माणसं सांगितली. आमच्या वाडीवर त्यातलं कुणी आलेलं मी पाहिलं नाही. 2030 पर्यंत 1 कोटी 84 लाख वेठबिगार सोडवू, असं केंद्र सरकार सांगतं. सोडवून ठेवणार कुठे? माझ्यासारखंच पुन्हा वाडीवर?

याच कोकणातली खोती, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोतांची जमीनदारी, मोडायला बाबासाहेबांनी 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं. पुढे खोती गेली, कूळकायद्याने ठरवलेल्या 1957 च्या कृषकदिनाला कुळं जमिनीची मालक झाली. पण कातकऱ्याचं नाव कुळ म्हणूनही लागलेलं नव्हतं. तो नुसताच राबत होता, म्हणून त्याच्या वाट्याला काही आलं नाही. आज माझ्या झोपडीखालची जागासुद्धा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे. घरकुल मागितलं की जागेचा उतारा मागतात. जागा मागितली की वनखात्याकडे जा म्हणतात. भट्टीवाला मात्र कसलाच कागद मागत नाही, रोख पैसे मोजतो.

शिक्षेची अट काढा. घराखालची जागा आमच्या नावावर करा. रोजगार हमीची कामं दिवाळीच्या आधी वाडीवर सुरू करा आणि मजुरी वेळेवर द्या. दिवाळीनंतर काढलीत तर वाडीवर फक्त म्हातारी माणसं भेटतील.

परवा भट्टीचा मुकादम येऊन गेला. धाकट्या दिराचं लग्न ठरलंय, दिराने 30 हजार उचल घेतली. टेम्पो भाऊबीजेनंतर येणार आहे.

आपली,
एक बंधमुक्त कातकरी बाई
ता. सुधागड, जि. रायगड