लिंकमधली 'कॉपी' वाचणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीआधी तुम्ही आमच्याकडून फराळाचा डबा मागवलात आणि मागोमाग व्हॉट्सॲपवर विचारलंत, "तुमच्या लिंकमध्ये 'कॉपी' असं का दिसतंय?" गिऱ्हाईक सहसा चकली तिखट आहे का ते विचारतं. ॲड्रेस बार वाचणारं मला पहिल्यांदाच भेटलं.

नेमकी तीच जाहिरात मी त्या दुपारी बंद करणार होते. फेसबुक म्हणत होतं ऑर्डरी येतायत. गूगल ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवर कोण कुठून आलं ते सांगणाऱ्या हिशेबात, तिच्या नावासमोर भोपळा. आणि खाली 'दिवाळी फराळ - कॉपी' नावाच्या भलत्याच कॅम्पेनला, म्हणजे जाहिरात मोहिमेला, ऑर्डरी पडत होत्या. असलं कॅम्पेन माझ्याकडे नव्हतंच!

होतं, हे तुम्ही फोनवर दाखवलंत. मी मागचं कॅम्पेन डुप्लिकेट करून तसंच पब्लिश केलं आणि दुसऱ्या दिवशी नाव नीट केलं. लिंकमध्ये कॅम्पेनचं नाव आपोआप भरण्याची सोय लावलेली होती, पण ती पहिल्यांदा पब्लिश करतानाचंच नाव धरते. मागाहून बदललं तरी लिंक जुनंच सांगत राहते. "घरी काहीही हाक मारा, शाळेच्या दाखल्यावर जुनंच नाव," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. आयडी मात्र बदलत नाही, तो यूटीएम आयडीत, म्हणजे लिंकच्या शेपटीत कॅम्पेनच्या आयडीसाठी असलेल्या जागेत, घालायचा, हेही तेव्हाच कळलं.

मग तुम्ही मला सगळी नावं मोठ्याने वाचायला लावलीत. त्याची अजून लाज वाटते. दिवाळी कुठे 'डब्ल्यू'ची, कुठे 'व्ही'ची. फराळ कधी 'एफ'चा, कधी 'पीएच'चा. मध्ये कुठे डॅश, कुठे अंडरस्कोअर, कुठे नुसती मोकळी जागा, जिचं लिंकमध्ये 'टक्का वीस' होतं. पहिलं अक्षर कॅपिटल असलं तरी ॲनालिटिक्सला ते वेगळं कॅम्पेन वाटतं. एकाच फराळाची ॲनालिटिक्समध्ये सात कॅम्पेनं झाली होती आणि त्या सातांपैकी एकही धड वाचण्यासारखं नव्हतं. आपल्या 'ळ'ला इंग्रजीत अक्षर नाही, त्याला मी तरी काय करणार, असं मी म्हणून पाहिलं. तुम्ही हसलात आणि म्हणालात, एकदाच ठरवा आणि शीटमध्ये लिहा.

लिंकमध्ये माणूस कुठून आला ते 'सोर्स' सांगतो, आणि कुठल्या प्रकाराने ते 'मीडियम'. त्या मीडियमच्या रकान्यात मी 'ॲड' लिहीत होते. सोर्स फेसबुक आणि मीडियममध्ये 'पेड' किंवा 'सीपीसी' (क्लिकमागे पैसे) असं काही नाही, म्हणून पैसे मोजून आणलेली माणसं 'ऑरगॅनिक सोशल'मध्ये, म्हणजे फुकटात आलेल्यांत, जाऊन बसत होती. आमच्या पोस्टी फार चालतात म्हणून मी घरी मिरवलंही होतं.

आता सगळं लहान लिपीत, शब्दांमध्ये अंडरस्कोअर, आणि लिंक हाताने टाइप न करता शीटमधूनच उचलायची. नाव पब्लिश करण्याआधी पक्कं. मागचे सात तुकडे मात्र ॲनालिटिक्समध्ये तसेच आहेत. जुनी नावं तिथे बदलता येत नाहीत. आकडे अजूनही तंतोतंत जुळत नाहीत, पण तुम्ही बजावलं होतंत की ते जुळणारही नाहीत: जाहिरात नुसती पाहून दुसऱ्या दिवशी थेट साइटवर आलेल्याची ऑर्डर फेसबुक आपल्या खात्यात धरतं, ॲनालिटिक्स धरत नाही. जुळवायची ती नावं. त्यामुळे रात्री बाराला वजाबाक्या करणं सुटलं, हा उपकार खरं तर सगळ्यांत मोठा.

परवा भाचीने नवीन कॅम्पेनला 'चिवडा फायनल टू' नाव दिलं. मी काही न बोलता शीट उघडून तिच्यापुढे ठेवली.

या दिवाळीला आमच्याकडून एक डबा पाठवायचा आहे. जुन्या ऑर्डरीत तुमचा पत्ता आहे, पण न विचारता तो वापरणं बरं दिसत नाही. तेवढा पुन्हा कळवा, आणि कडबोळी हवीत की अनारसे तेही.

तुमची,
फराळवाली