शिकण्याचे तास ड्युटीत धरा: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना एका परिचारिकेचे खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार. मी कराड येथील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करणारी परिचारिका आहे. गेल्या महिन्याअखेर परिचारिका म्हणून माझ्या नोंदणीची मुदत संपली आणि दुसऱ्याच दिवशी रुग्णालयाने माझे नाव ड्युटीच्या तक्त्यातून काढले. नूतनीकरण होईपर्यंत पगार नाही, असेही सांगण्यात आले. विनानोंदणी परिचारिकेने रुग्णाला हात लावू नये, हा नियम मला मनापासून मान्य आहे. माझी तक्रार नूतनीकरण अडले कशामुळे याबद्दल आहे.

नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार त्या काळात १५० तासांचे निरंतर शिक्षण, म्हणजे नोकरीत असताना कार्यशाळांतून घ्यायचे प्रशिक्षण, पूर्ण करावे लागते. वर्षाला तीस तास ऐकायला थोडे वाटतात. पण बारा तासांची रात्रपाळी उतरून घरचा स्वयंपाक, सासूबाईंचे इन्सुलिन आणि मुलाची शाळा सांभाळणाऱ्या बाईने ते आणायचे कुठून? कार्यशाळा पुण्याला किंवा कोल्हापूरला असतात. त्यासाठी रजा मागितली की ‘तुमच्या जागी कोण?’ हा एकच प्रश्न पुढे येतो आणि गेलेच, तर त्या दिवसाचा पगार कापला जातो. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या पैशाने ज्या संस्थेच्या कार्यशाळांना गेले, तिच्या प्रमाणपत्रांवरचे तास ग्राह्य धरता येत नाहीत, हे अर्ज भरताना कळले. फी घेताना हे कोणीही सांगितले नव्हते. त्यातच नोकरीत घेताना जमा करून घेतलेली माझी मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाने अजून परत केलेली नाहीत. परवाना माझा, पण तो टिकवण्यासाठी लागणारा प्रत्येक कागद दुसऱ्याच्या कपाटात आहे.

कृत्रिम श्वासावर असलेल्या एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असे आम्हाला शिकवले जाते. मी एकटीने असे तीन रुग्ण सांभाळत रात्री काढल्या आहेत. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत जिल्ह्यात खाट मिळत नव्हती, तेव्हा याच हातांनी ऑक्सिजनचे मास्क लावले. त्या वेळी माझे अपुरे तास कोणी मोजले नाहीत. मला आता रडू येत नाही, संताप येतो.

खासगी परिचारिकांच्या पगाराबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली निर्देश दिले आणि केंद्राच्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान वीस हजार रुपये वेतनाची शिफारस केली. इतकी वर्षे झाली, तरी आमच्या तालुक्यांतल्या कितीतरी मुली जीएनएम या परिचर्या पदविकेची तीन वर्षे आणि कर्जाचे हप्ते अंगावर घेऊन त्याच्या निम्म्यावर राबत आहेत. त्या शिफारशीची अंमलबजावणी तपासायला आजवर कोण आले? २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदाही केला. कायदे येत राहतात आणि प्रत्येक नव्या अटीची पूर्तता मात्र परिचारिकेनेच करायची असते. जे रुग्णालय आमच्या नोंदणीवर चालते, दारावरच्या फलकावर ‘प्रशिक्षित परिचारिका’ असे लिहून रुग्ण मिळवते आणि त्यांच्याकडून शुल्क घेते, त्याच्यावर आमच्या शिक्षणाची कोणतीही जबाबदारी नसावी, हे कोणत्या न्यायात बसते?

महोदय, निरंतर शिक्षणाचे तास पगारी ड्युटीत धरण्याची सक्ती प्रत्येक खासगी रुग्णालयावर करा. ग्राह्य कार्यशाळांची यादी आगाऊ जाहीर करा आणि त्या सातारा, कराड, सांगली, मिरज येथे भरवा. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणाऱ्या रुग्णालयावर कारवाई करा. तास अपुरे असलेल्या परिचारिकेला ते पूर्ण करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत द्या आणि त्या काळात तिची नोकरी राखा. माझ्यासारख्या अनेकींची मुदत येत्या काही महिन्यांत संपत आहे. त्याआधी हा आदेश निघावा, ही माझी मागणी आहे.

आपली,
एक परिचारिका
कराड, जि. सातारा