खोल नको हो, डॉक्टर

दापोली, आषाढ

प्रिय बाळ्या,

तुझं संमोहनाचं स्क्रिप्ट वाचलं. मराठी शुद्ध आहे, पण पेशंटसमोर चालायचं नाही. ‘शिथिल व्हा’ असं चिपळूणच्या बाजारात कोण कुणाला म्हणतं? ‘अंग सैल सोडा’ म्हण, खांदे आपोआप खाली येतात.

आणि ते ‘खोल खोल जा’ आधी काढून टाक. मीही तेच घोकत होतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा हर्णैचे खलाशी दात दाखवायला येतात. त्यातला एक, पन्नाशीचा, सुईला भयंकर घाबरणारा. डोळे मिटले, श्वास संथ झाला, आणि मी म्हटलं, “आता तुम्ही खोल खोल जाताय.” गड्याने खुर्चीचे हात असे पकडले की बोटं पांढरी पडली. “खोल नको हो, डॉक्टर. आमची बोट कलंडली होती एकदा.”

मी ओशाळलो. मग विचारलं, बोटीवर निवांत कधी वाटतं? म्हणाला, “नांगर धरला की.” बस. मी तेच म्हणत गेलो, सुवर्णदुर्गाच्या आड आलात, मशीन बंद केली, नांगर टाकला... नांगर धरलाय. जबडा सैल पडला. बधिर करण्याचं इंजेक्शन दिलंच, ते काही चुकत नाही. पण ‘दुखणार नाही’ म्हणालो नाही. त्यातलं ‘दुखणार’ तेवढं कानात राहतं. ‘थोडं दाबल्यासारखं वाटेल’ म्हटलं, आणि तसंच वाटलं त्याला.

दाढ निघाल्यावर म्हणतो कसा, “मी झोपलोच नव्हतो, सगळं ऐकू येत होतं. म्हणजे जमलं नाही ना?” हा घोळ जुना आहे बाबा. मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या सर्जनने १८४३ च्या पुस्तकात ग्रीक ‘झोपे’वरून ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ केलं, आणि १८४७ पर्यंत त्यालाच ते खटकू लागलं, एकाच कल्पनेवर खिळलेलं मन, अशा अर्थाचा शब्द त्याने सुचवून पाहिला. पण झोप चिकटली ती चिकटलीच. म्हणून आता मी आधीच सांगतो, माझा आवाज ऐकू येत राहील.

‘थंड वारं अंगात शिरतंय’ हेही खोड. आपल्याकडे अंगात वारं येणं म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको! ‘वर वर तरंगत जा’ तर नकोच. वर गेलेला परत येत नाही.

बाकीच्या खुणा पेन्सिलीने केल्यात. नवीन लिहिलंस की आधी काकूंना मोठ्याने वाचून दाखव, हसल्या तर तिथे खूण कर.

तुझा,
अण्णा