डिओच्या आधी टॉवेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा उघडायच्या तोंडावर दप्तर, रेनकोट, पाण्याची बाटली यांच्या खरेदीत आता सहावी-सातवीच्या मुलांसाठी डिओचा कॅनही येऊ लागला आहे. मूल वयात येते आहे, वर्गात कुणी नाक मुरडू नये, एवढाच आईवडिलांचा हेतू असतो आणि तो समजण्यासारखा आहे. पण त्या कॅनमध्ये काय असते आणि ते कशावर चालत नाही, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही. बहुतेकांचे काम डिओवाचून सहज भागते, आणि ज्यांना खरोखर काही लावायची गरज असते ते दुकानातून भलतीच वस्तू घेऊन येतात.

ताज्या घामाला जवळपास वास नसतो. अंगभर पसरलेल्या २० ते ४० लाख घर्मग्रंथींतून येणारा घाम म्हणजे पाणी आणि थोडे मीठ. काखेत आणि जांघेत मात्र दुसऱ्या प्रकारच्या, अॅपोक्राइन ग्रंथी असतात. त्या वयात येताना जाग्या होतात, म्हणूनच कालपर्यंत दिवसभर मैदानावर खेळूनही न घाणारे मूल अचानक घाणू लागते. या ग्रंथींचा दाटसर स्रावही बाहेर येताना वासाचा नसतो. कातडीवर राहणारे जिवाणू, मुख्यतः कोरिनेबॅक्टेरियम आणि स्टॅफिलोकोकसच्या काही जाती, तो स्राव फोडतात. त्यातून काही मेदाम्ले सुटतात, त्यांचा वास बोकडासारखा किंवा शिळ्या जिऱ्यासारखा येतो. आणि काही गंधकयुक्त द्रव्ये सुटतात, त्यांचा वास चिरून ठेवलेल्या कांद्याचा. ही गंधकाची द्रव्ये इतकी तिखट असतात की नाममात्र असली तरी शेजारच्याला कळतात. जिवाणू कायमचे घालवता येत नाहीत आणि घालवूही नयेत, ते कातडीचे राखणदारही आहेत. पण त्यांना ओल लागते, आणि ओल आपल्या हातात असते.

सगळ्यांना वास सारखा येत नाही, हेही सांगायला हवे. एबीसीसी११ नावाच्या जनुकाचा एक प्रकार असा आहे की तो आईवडील दोघांकडूनही आला तर काखेत वासाचा हा कच्चा माल फारसा पोचतच नाही. कोरिया, चीन, जपानमध्ये बहुसंख्य लोक असे आहेत; आपल्याकडे दोन्ही तऱ्हा दिसतात. ओळखायची खूण सोपी आहे: अशा माणसाच्या कानातला मळ चिकट नसतो, सुका आणि भुसभुशीत निघतो. त्याने डिओवर पैसे घालवायचे काही कारण नाही.

आता कॅनबद्दल. मागच्या बाजूची घटकांची यादी भिंग घेऊन का होईना, वाचा. बहुतेक बॉडी स्प्रेमध्ये अल्कोहोल, सुगंध आणि फवारा उडवण्यासाठी ब्युटेन-प्रोपेनसारखा ज्वालाग्राही वायू असतो. ‘गॅस नाही’ असे लिहिलेल्या बाटलीत वायू नसतो, अल्कोहोल आणि सुगंध तेवढा असतो. अल्कोहोलने जिवाणू थोडा वेळ कमी होतात, सुगंध वासावर पांघरूण घालतो आणि काही तासांत दोन्ही उडून जातात. त्यानंतर अत्तर आणि दर्प यांचे जे मिश्रण उरते ते नुसत्या घामापेक्षा वाईट. तोच फवारा अनेक जण शर्टावर मारतात, तेव्हा तर काखेपर्यंत काहीच पोचत नाही. मारायचाच असेल तर धुऊन कोरड्या केलेल्या काखेत, १५ सेंटीमीटर अंतरावरून, एक-दोन सेकंद, खिडकी उघडी ठेवून. बंद बाथरूममध्ये दम्याच्या माणसाने मुळीच नाही. पेटत्या गॅसजवळ किंवा देवघरातल्या समईजवळ नाही, आणि उन्हात उभ्या गाडीत कॅन ठेवू नका.

घाम कमी करणारी वस्तू वेगळी असते. तिच्या यादीत अॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट किंवा अॅल्युमिनियम झिर्कोनियम असे नाव असते आणि ती बहुधा रोल-ऑन किंवा कांडीच्या रूपात मिळते. हे नाव नसेल तर वेष्टनावर ‘४८ तास’ लिहिलेले असो नाहीतर ‘७२ तास’, घाम तसाच येणार.

पण आधी आंघोळ. तांब्याने भराभर पाणी ओतून घेतलेल्या आंघोळीत साबण छातीवर आणि हातांवर फिरतो, काखेला ओझरता लागतो. साबण थेट हाताने काखेत लावा, केसांच्या मुळापर्यंत फेस जाऊ द्या, अर्धा मिनिट चोळा आणि हात वर करून पाणी सोडा. साबण राहिला तर खाज येते आणि लोक ती घामावर ढकलतात. साधा साबण पुरतो. काखेतले केस अर्ध्या सेंटीमीटरवर कापले तरी साबण नीट पोचतो आणि ओल कमी धरून राहते. वस्तरा फिरवायलाच हवा असे नाही. त्यानंतरची पायरी सर्वांत जास्त चुकते. काख टॉवेलने टिपून पूर्ण कोरडी करायची, मग दोन मिनिटे पंख्याखाली, आणि मगच शर्ट. घरातल्या चौघांत एकच ओलसर टॉवेल फिरत असेल तर धुतलेल्या काखेवर कालचेच जिवाणू परत बसतात. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा हवा, रोज वाळायला हवा आणि दोन-तीन दिवसांनी धुवायला हवा. संध्याकाळी घरी आल्यावर पूर्ण आंघोळीला पाणी नसेल तर दोन मग पाण्यात काखा, जांघा आणि पाय धुऊन होतात. पाण्याचा दिवसाआडचा वार असलेल्या घरांतही एवढे जमते.

इतके करूनही वास राहतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा कपड्यात असतो. सुती धागा ओल आत ओढून घेतो. पॉलिस्टर पाणी शोषत नाही, पण कातडीचे तेल धरून ठेवतो, आणि मायक्रोकोकस जातीचे जिवाणू त्यावर चांगले पोसतात. म्हणून जिमचा टी-शर्ट धुऊन वाळला की निर्मळ वाटतो आणि अंगात घातल्यावर दहा मिनिटांत घाणू लागतो. याची चाचणी घरीच होते. धुतलेल्या शर्टाच्या काखेच्या शिवणीवर पाण्याचे चार थेंब शिंपडून गरम इस्त्री फिरवा आणि वर येणाऱ्या वाफेचा वास घ्या. आंबूस दर्प आला तर तो शर्ट धुतला गेलेलाच नाही.

असा कपडा उलटा करून काखेच्या जागी द्रवरूप डिटर्जंट चोळा आणि अर्धा तास कोमट पाण्यात ठेवून मग धुवा. तरी वास गेला नाही तर अर्ध्या बादली पाण्यात एक वाटी पांढरे व्हिनेगर घालून त्यात अर्धा तास बुडवा आणि नंतर नेहमीसारखे धुवा. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव अशा कपड्यांना वापरू नयेत. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि आतला मळ सुटत नाही. पावसाळ्यात कोकणपट्टीत आणि मुंबईत कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, तेव्हा येणारा कुबट वास मोराक्सेला नावाच्या वेगळ्या जिवाणूचा असतो. कपडे दाटीवाटीने न घालता, दोन कपड्यांत वीतभर जागा सोडून, पंखा लावून वाळवावेत आणि काखेवर, कॉलरवर, कमरेच्या पट्टीवर इस्त्री फिरवावी. आळस करून नुसती पुढची बाजू इस्त्री केली तर उपयोग नाही.

घरगुती उपायांत तुरटी चांगली. खडा ओला करून धुतलेल्या काखेत तीन-चार वेळा फिरवायचा, सुकू द्यायचे आणि खडा पुसून ठेवायचा. वस्तरा फिरवलेल्या दिवशी नको, झोंबते. तुरटी जिवाणूंना आवरते, घाम फारसा थांबवत नाही. मात्र ‘तुरटीत केमिकल नाही’ हे खरे नाही, तीही अॅल्युमिनियमचाच क्षार आहे. लिंबू आणि खाण्याचा सोडा यांच्या नादी लागू नये. कातडीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) साधारण ४.५ ते ५.५ असतो, सोड्याचा ८च्या वर आणि लिंबाचा २च्या आसपास. सोड्याने काख लाल होते, सोलवटते. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले तर फोड येऊन काळे डाग महिनोन्महिने राहतात. टाल्कम पावडर ओल्या काखेत टाकली की तिचा लगदा होतो. कोरड्या काखेत थोडी ओल शोषते, त्यापलीकडे काही नाही.

घरच्या उपायांनी भागत नसेल तर औषधाच्या दुकानात मिळणारा २.५ ते ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचा वॉश आठवड्यातून दोन-तीनदा काखेत लावून दोन मिनिटांनी धुवावा. त्याने रंगीत कापडावर फिके डाग पडतात, म्हणून पांढरा टॉवेल घ्यावा.

अॅल्युमिनियमचे रोल-ऑन सकाळी लावायची पद्धत पडली आहे, ती चुकीची आहे. हा क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी जाऊन जेलसारखे बूच तयार करतो आणि त्याला वेळ लागतो. सकाळी ओलसर काखेत लावून माणूस लोकल पकडायला धावला की बूच बसायच्या आतच घामाबरोबर सगळे वाहून जाते. रात्री झोपताना पूर्ण कोरड्या काखेत पातळ थर लावा. सकाळच्या आंघोळीने बूच निघत नाही, ते नळीच्या आत असते. पहिला आठवडा रोज, नंतर आठवड्यातून दोन-तीन रात्री पुरते. पांढऱ्या शर्टावरचे पिवळे डाग याच क्षारामुळे आणि घामामुळे पडतात. लावल्यावर पाच मिनिटे सुकू द्या, आणि त्या डागांवर क्लोरीनचे ब्लीच घालू नका, ते आणखी पिवळे होतात. शर्ट टपटपेपर्यंत घाम येत असेल तर डॉक्टर २० टक्के अॅल्युमिनियम क्लोराइड देतात. तेही रात्री आणि कोरड्या कातडीवरच, कारण ओलाव्याशी त्याचे आम्ल होऊन काख भाजल्यासारखी होते. त्यापुढे बोटॉक्सची इंजेक्शने आहेत. त्यांचा परिणाम काही महिने टिकतो.

स्तनाच्या कर्करोगाची भीती समाजमाध्यमांवर फिरत असते. अॅल्युमिनियमच्या रोल-ऑनचा त्याच्याशी संबंध आजवर सिद्ध झालेला नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच वापरावे, आणि मॅमोग्राफीच्या (स्तनांच्या क्ष-किरण तपासणीच्या) दिवशी काखेत काहीही लावून जाऊ नये; त्याचे कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात.

पायांचे गणित निराळे, पण उपाय तोच. मोजे रोज बदलायचे, नायलॉनऐवजी सुती घ्यायचे, बोटांच्या बेचक्या पुसायच्या आणि भिजलेल्या बुटात वर्तमानपत्र कोंबून तो किमान एक दिवस वाळू द्यायचा. तळव्यावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसले तर तो जिवाणूंचा संसर्ग असतो आणि त्यावर साधे औषध आहे. खाण्याचा वाटा छोटा: लसूण, दारू आणि मेथीचा वास अंगाला येतो, मेथीचा थोडा गोडसर.

काही वास मात्र झाकायचे नसतात. वास एकाएकी बदलला, मधुमेह्याच्या श्वासाला गोडसर फळासारखा वास येऊन उलट्या होऊ लागल्या, तर थेट रुग्णालय गाठावे. रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, वजनात घट आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी करावी, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. जांघेत खाजेसह वास असेल तर दुकानदाराच्या सल्ल्याने स्टेरॉइड मिसळलेले मलम लावू नये. चार दिवस बरे वाटते आणि नायटा पसरत जातो. मुलीला आठ वर्षांच्या आत किंवा मुलाला नऊच्या आत मोठ्या माणसासारखा काखेचा वास येऊ लागला तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

शाळांना एक विनंती आहे. गणवेश ठरवताना दुकानदाराला कापडातले सुताचे प्रमाण विचारा. जाड टेरिकॉटचा शर्ट, वर टाय, नायलॉनचे मोजे आणि दिवसभर बंद बूट हा पोशाख जूनच्या दमट हवेत मुलांवर लादायचा आणि मग वर्गातल्या वासाबद्दल त्यांनाच बोलायचे, हा अन्याय आहे. कुणाला सांगायची वेळ आलीच तर वर्गासमोर नव्हे, बाजूला घेऊन सांगावे. आणि इमारतीच्या दारावर बारा बारा तास उभ्या असलेल्या रखवालदारांना, सामान पोचवणाऱ्या मुलांना त्यांच्या कंपन्यांनी पॉलिस्टरचा एक जोड देऊन हात झटकू नयेत. सुती मिश्रणाचे निदान तीन जोड आणि काखा-पाय धुता येतील असा एक नळ, एवढे तरी द्यावे.

आपला,
एक त्वचारोगतज्ज्ञ,
ठाणे