आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी तुला लिहितेय

प्रिय सखे,

त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा घर माणसांनी भरलेलं, मी नुसतं हो हो करत राहिले, मनातलं बोलायचं राहूनच गेलं. म्हणून आज नातीच्या मोबाईलवर टाईप करतेय, चुका झाल्या तर पोटात घाल.

हे गेले त्याला आता तीन महिने होतील. पौषातली थंडी, पहाटे उठून पाणी प्यायले, परत आडवे झाले ते उठलेच नाहीत. एक दिवस कुणाकडून सेवा करून घेतली नाही गं. येत्या मे महिन्यात लग्नाला ५० वर्षं झाली असती.

तुला आठवतं ना, आपण शेंदुर्णीहून पीजे गाडीने पाचोऱ्याला यायचो आणि हिरवी झेंडी घेऊन उभा असलेला तो नवा गार्ड पहिल्यांदा तूच मला दाखवला होतास? पाचोरा ते जामनेर ५६ किलोमीटर, छोटी लाईन, यांची बहुतेक नोकरी त्याच रुळांवर गेली. डोक्यावर टोपली घेऊन पळत येणारी एखादी म्हातारी दिसली की यांची झेंडी काही वर व्हायची नाही. साहेबांची बोलणी खायचे, पण घरी येऊन म्हणायचे, गाडी पुढे वेळ भरून काढते, तिचा बाजार बुडला तर तो कोण भरून देणार.

रिटायर झाल्यावर संध्याकाळी ओट्यावर बसायचे, घड्याळ बघायचे आणि आपल्याशीच म्हणायचे, आता वरखेडी सोडली असेल. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पीजे बंद पडली ती पडलीच, तरी हे त्या वेळेला घड्याळ बघायचेच. मी कधी टोकलं नाही.

पोरांवर माया, पण तोंडाने एक शब्द नाही. मुलीच्या बारावीच्या पेपरला ड्युटी बदलून घेतली आणि तीन तास शाळेबाहेर लिंबाखाली उभे. तिला हे यंदा कळलं, माझ्याकडून, तेराव्याला. किती रडली.

आणि भरीत! हिवाळ्यातलं भरीत म्हणजे यांचंच काम, मला चुलीजवळ येऊ द्यायचे नाहीत. नातवाला बाजारात घेऊन जायचे, त्याच्या दोन्ही हातात एकेक वांगं द्यायचे, हलकं लागेल ते घे, त्यात बी कमी. मग अंगणात कपाशीच्या काड्यांवर भाजणं, मिरच्या पण त्यातच, आणि लाकडी बडगीत ठेचायला बसले की सगळ्या गल्लीला वास. परवा सुनेने गॅसवर भाजलं तर नातू ताटावरून उठला, हे आबांचं नाही म्हणे. तिला वाईट वाटलं, मी दोघांना जवळ घेतलं, आणि खरं सांगू, घास माझ्याही घशाखाली उतरत नव्हता.

आता आखाजी आली. यांच्या नावाने पितरांची पहिली घागर भरायची. तू ये, नाशिकहून सकाळच्या गाडीने निघालीस तर दुपारपर्यंत पोचशील. सांजोऱ्या मीच करीन, पुरणपोळ्या खापरावर करायला जाऊबाई येणारेत. एकच अडलंय, घागरीवर खरबूज ठेवतात ना, आणि यांना तर खरबुजाचा वाससुद्धा चालायचा नाही. नुसता आंबा ठेवला तर चालेल का गं? तुझ्या सासूबाईंना विचारून सांग.

तुझीच