पेटी काढ आणि हे वाजवून बघ

पुणे, रविवार रात्र

प्रिय अव्या,

झेल्डा ह्या व्हिडिओ गेमच्या मालिकेबद्दलचा तुझा मेसेज येऊन दोन दिवस झाले. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड घेतला, गेम झकास आहे, पण तू इतकी वर्षं जिचं कौतुक करतोस ती झेल्डाची चाल आहे कुठे? नुसता वारा आणि मधूनच पियानोचे चार सूर.’ ह्याचं उत्तर फोनवर टाइप करवेना, म्हणून कागद घेतला.

आधी पेटी काढ. काळी पाच धर, मूळ चाल त्याच पट्टीत आहे. सा, लगेच खालचा प, आणि थांब. मग सा सा रे ग म करत मधल्या प वर ये. तिथे टेकून कोमल ध, कोमल नी घेत वरच्या सा ला भीड. आता सांग, सूर कुठले लागले? चारुकेशी रागाचे! चाल चारुकेशीची नाही, पुढच्याच ओळीत कोमल गंधार येऊन सगळं पालटतं. पण सुरुवातीला शुद्ध गंधाराने जी हिंमत बांधली, तिच्यावर त्या कोमल धैवताची सावली पडते ना, तिथे मी अजून दरवेळी थांबतो.

ही झेल्डाचे संगीतकार कोजी कोंडो ह्यांची करणी. १९८६ साली पहिला गेम निन्टेन्डोच्या फॅमिकॉम ह्या गेमयंत्राच्या डिस्क सिस्टिमवर आला, तेव्हा सुरुवातीच्या पडद्यासाठी त्यांनी फ्रेंच संगीतकार रावेलचं ‘बोलेरो’ योजलं होतं. अगदी शेवटी कळलं की त्याचा कॉपीराइट अजून संपलेला नाही. मग एका रात्रीत गेमच्या मैदानात वाजणाऱ्या आपल्याच चालीची नवी मांडणी करून त्यांनी ती तिथे बसवली. आणि साधनं तरी काय? फॅमिकॉमला सुरावटीसाठी दोन आवाज, खर्जासाठी एक, तालासाठी निव्वळ खरखर. डिस्क जोडली की आणखी एक आवाज. एवढ्यात तुतारीचा भास उभा करायचा! १९९१ च्या ‘अ लिंक टू द पास्ट’मध्ये नव्या यंत्रावर आठ आवाज मिळाले, तेही खऱ्या वाद्यांच्या नमुन्यांचे, आणि चाल एकदम वाद्यवृंदाच्या थाटात चालू लागली.

मला मात्र १९९३ चा ‘लिंक्स अवेकनिंग’ जवळचा. मामेभावाच्या गेम बॉयवर खेळलो होतो, आठवतं? सुरुवातीला हातात तलवार नसते आणि बाहेर भलतंच संगीत वाजत असतं. समुद्रकिनाऱ्यावर जाऊन तलवार उचलायची, गेमचा नायक लिंक ती डोक्यावर धरतो, आणि तिथून ती चाल सुरू होते. त्या एवढ्याशा स्पीकरमधून! चाल आधीपासून वाजत असती, तर त्या तलवारीचं काहीच वाटलं नसतं.

मग १९९८ चा ‘ओकारिना ऑफ टाइम’. इथे कोंडोंनी ती चाल मैदानातून काढूनच टाकली. बऱ्याच जणांना ते लागलं, मलाही. पण तिच्या जागी काय केलं ते बघ: आठ-आठ बारचे (म्हणजे आवर्तनांचे) तुकडे, गेम त्यांचा क्रम बदलत राहतो. शत्रू जवळ आला की ताणलेले तुकडे, लिंक उभा राहिला की शांत, रात्र झाली की संगीत बंद. म्हणजे गायकाने समोरची मैफल बघून जागा घ्याव्यात तसं. पुढच्या ‘मेजोराज मास्क’मध्ये, २००० साली, चाल परत आली. आपण सगळ्यांनी किती सुटकेचा श्वास सोडला होता!

आता तुझा २०१७ चा गेम. अव्या, चाल तिथे आहे. तिचे तुकडे करून विखुरलेत. घोडा घे, रात्री निघ, रस्ता सोडू नकोस आणि बराच वेळ उतरू नकोस. पियानो आधी उगाच इकडेतिकडे करत राहील. मग सा, खालचा प... इतक्या सावकाश की दोन सुरांच्या मधली जागा तुलाच भरावी लागेल. एवढं मोठं रान, शंभर वर्षांपूर्वी उद्ध्वस्त झालेलं राज्य, तिथे तुतारी वाजवून कसं चालेल? आठवण जशी येते तशीच ती चाल येते. मंदिराच्या अवशेषांतही थांब; ‘ओकारिना’तल्या काळाच्या मंदिराचं संगीत तिथे अडखळत, मोठमोठे श्वास घेत वाजतं. मी खेळताना कंट्रोलर खाली ठेवला होता.

आणि त्या राज्याच्या, म्हणजे हायरूलच्या, किल्ल्यावर घाईने जाऊ नकोस. तिथे जुनी चाल पूर्ण जोराने येते. किल्ल्याच्या आत आणि बाहेर मांडणी निराळी आहे. दारात चार वेळा ये-जा करून नीट ऐक. जाशील त्या रात्री कितीही वाजलेले असोत, मला फोन कर. मी जागा असेन.

वहिनींना नमस्कार. पेटीचा भाता फाटलाय म्हणाला होतास, तो आधी दुरुस्त करून घे.

तुझाच,
सुध्या