तीन गुणांची 'सरशी'

महोदय,

रविवारच्या आरोग्य पुरवणीतला 'फ्रोझन शोल्डर : शस्त्रक्रियाच सरस' हा लेख वाचला. मथळा लेखक डॉक्टरमहाशयांचा की आपल्या कचेरीत कोणी घाईघाईत ठोकून दिलेला, ते आपणच जाणे. पण काल सकाळपासून मला ओळखीच्या बायकांचे फोन येत आहेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "मग आता करूनच टाकायचं का ऑपरेशन?" माझाही खांदा असाच आखडून धरला होता हे आमच्या कॉलनीत सगळ्यांना माहीत असल्यामुळे तज्ज्ञ म्हणून माझी नेमणूक झालेली आहे. म्हणून हे पत्र.

ज्या 'ताज्या' ब्रिटिश संशोधनावर लेख बेतला आहे ते 'लॅन्सेट'मध्ये 2020 च्या ऑक्टोबरात आलं. असो, आपल्याकडे टपाल उशिरा पोचतं. माझी भाची फिजिओथेरपी शिकते, तिने मूळ निबंध काढून दिला. मी शाळेत गणित शिकवत होते, त्यामुळे तक्ते पाहून घाबरायला होत नाही. तिथली 35 रुग्णालयं, 503 रुग्ण, आणि कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलेलं. काहींना भूल देऊन आखडलेला खांदा हलवून मोकळा केला, काहींचं दुर्बिणीतून सांध्याचं घट्ट झालेलं आवरण कापलं, आणि उरलेल्यांना स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन फिजिओथेरपी. दुखणं आणि रोजची कामं यांबद्दल रुग्णांनी दिलेल्या उत्तरांवरून गुण काढले, जास्त गुण म्हणजे खांदा जास्त बरा. वर्षानंतर 48 पैकी सरासरी गुण असे : दुर्बीण 40.3, भूल देऊन हलवणं 38.3, इंजेक्शन आणि फिजिओथेरपी 37.2. आपल्या लेखकांनी हे तीन आकडे रंगीत चौकटीत छापले आणि पहिला नंबर जाहीर करून मोकळे झाले.

त्याच निबंधातलं पुढचं मात्र गाळलं. शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी यांच्यात 5 गुणांचा फरक पडला तर तो रुग्णाला जाणवण्याजोगा धरायचा, दोन शस्त्रक्रियांमध्ये (भूल देऊन हलवणंही त्यांनी शस्त्रक्रियेतच धरलं आहे) 4 गुणांचा, हे संशोधकांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. पडला किती, तर सगळ्यांत मोठा फरक तीन गुणांचा. तिन्हींपैकी कोणताही उपचार ठळकपणे सरस ठरला नाही, असाच त्यांचा निष्कर्ष आहे. अ तुकडीची सरासरी तीन गुणांनी वर आली म्हणून ब तुकडीला कुलूप लावा, असं आमचे मुख्याध्यापकसुद्धा कधी म्हणाले नाहीत, आणि ते काय वाटेल ते म्हणत असत.

शिवाय ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली त्यांनाही नंतर फिजिओथेरपी दिलेली होती. म्हणजे 'शस्त्रक्रिया की व्यायाम' हा लेखातला सामनाच मुळात खोटा. गंभीर गुंतागुंतीच्या 10 घटना नोंदल्या गेल्या, त्यातल्या 8 दुर्बिणीच्या गटात आणि 2 भूल देऊन खांदा हलवलेल्यांत. तीन महिन्यांच्या टप्प्यावर दुर्बिणीवाले उलट मागे होते. खर्चही दुर्बिणीचाच जास्त, आणि पैशांचा हिशेब मांडल्यावर भूल देऊन हलवणं फायद्याचं ठरलं. इंजेक्शन आणि फिजिओथेरपीवाल्यांपैकी जास्त जणांना पुढे आणखी काही उपचार घ्यावे लागले, हेही तिथे लिहिलं आहे. ते तर लेखकांच्या बाजूचं होतं! तेही छापलं नाही. जागा नव्हती म्हणावं, तर लेखाच्या खाली कसल्याशा तेलाची अर्ध्या पानाची जाहिरात आहे, 'सात दिवसांत खांदा मोकळा'. ब्रिटनमध्ये वर्षभर मोजून जे कळेना ते या तेलवाल्यांना आठवड्यात कळलं. आपल्या पुरवणीत कोणत्या मजकुराची तपासणी होते आणि कोणत्या मजकुराची फक्त पावती फाडली जाते, हे एकदा छापावं.

आता माझं सांगते. मला मधुमेह आहे, आणि मधुमेहींमध्ये हा आजार इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. रात्री कुशीवर वळलं की कळ मस्तकात जायची. ब्लाउजचे हूक सुनेकडून लावून घ्यायचे, देवघरातल्या वरच्या तसबिरीला हार नातवाने घालायचा, एसटीत दांडा धरायचा तर डाव्या हाताने. गावातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी हात दोनदा वर करून पाहिला, एमआरआय लिहिला आणि तो येण्याआधीच छापील कागद पुढे सरकवला. त्यावर दुर्बिणीचं 'पॅकेज', खोलीच्या प्रकाराप्रमाणे तीन दरांत. मी विचारलं, याशिवाय काही नाही का? तर म्हणाले, "मग हात असाच राहील." त्या ब्रिटिश अभ्यासातल्या रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी आठवडेच्या आठवडे रांगेत थांबावं लागलं होतं, मला मात्र परवाच उपाशीपोटी यायला सांगितलं. मी उठून आले.

दुसऱ्या ठिकाणी इंजेक्शन घेतलं. दुखणं खरोखर उतरलं, त्या डॉक्टरांना दुवा देते. पण स्टिरॉइडने मधुमेहींची साखर काही दिवस चढते, हे तिथे एका शब्दाने कोणी सांगितलं नाही. साखरेच्या गोळ्या चालू आहेत हे कागदावर लिहिलेलं असूनही नाही. दुसऱ्या दिवशी घरच्या यंत्रावर आकडा 300 च्या वर. सण नुकताच होऊन गेलेला, फ्रीजमध्ये श्रीखंड उरलेलं. सुनेने डबा उघडून पाहिला. तोंडाने काही बोलली नाही, पण तो डबा संध्याकाळी शेजारी गेला. मुलाने पुण्याहून फोन करून मला 'आई, या वयात तरी' असं ऐकवलं. दोन दिवस मी माझ्याच घरात चोर. शेवटी भाचीने सांगितलं की मावशी, हे इंजेक्शनमुळे आहे, उतरेल. उतरलंही. श्रीखंडाच्या बाबतीत मात्र आजतागायत कोणी माझी माफी मागितलेली नाही.

हे इतकं लांबण लावून सांगते कारण आपल्या लेखात इंजेक्शनला फक्त दीड ओळ दिली आहे, आणि त्यात साखरेचा उल्लेख नाही. फ्रोझन शोल्डरवर लिहायचं आणि मधुमेह शेवटच्या परिच्छेदात 'इतर कारणे' म्हणून उरकायचा? आपले निम्मे वाचक सकाळी पेपर वाचता वाचताच साखर तपासत असतील.

चौकटीतला तो सल्लाही वाचला, 'वेदना सहन करून रोज जोर लावून व्यायाम करावा'. कोणाच्या आधारावर? 2004 साली नेदरलँड्समध्ये 77 रुग्णांवर एक अभ्यास झाला. दुखण्याची मर्यादा सांभाळून जेवढं हलवता येईल तेवढंच हलवायला सांगितलेल्यांपैकी 89 टक्के लोक दोन वर्षांत जवळजवळ पूर्ववत झाले. जोर लावून, ताणून घेतलेल्यांपैकी 63 टक्के. अभ्यास लहान आहे, त्यावर डोळे मिटून विसंबावं असं मीही म्हणणार नाही. पण निदान तो झाला आहे. आपल्या चौकटीच्या मागे काय आहे? आमच्या कॉलनीतल्या एक बाई तो सल्ला वाचून कालच दाराच्या चौकटीला दोर बांधून लोंबकळत होत्या.

अमेरिकेतल्या कॉडमन नावाच्या शल्यचिकित्सकाने 1934 मध्ये या दुखण्याबद्दल लिहून ठेवलं की त्याची व्याख्या करणं अवघड, उपचार करणं अवघड आणि कारण सांगणं अवघड. आपल्या लेखकांना तिन्ही गोष्टी सहाशे शब्दांत साधल्या, त्याबद्दल त्यांचं अभिनंदन. ते स्वतः दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करतात असं लेखाखालच्या परिचयात आहे, फोन क्रमांकासह. मग तो लेख जाहिरातीच्या दराने का नाही छापला? तेलवाल्याने बिचाऱ्याने पैसे तरी मोजले असतील.

येत्या रविवारी 5 गुणांची ती अट आणि इंजेक्शननंतरच्या साखरेची सूचना, दोन्ही त्याच पानावर, त्याच टाइपात छापावी ही विनंती. आतल्या पानावर 'खुलासा' म्हणून चार ओळी नकोत.

आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्रातल्या बाईंनी हात पार डोक्यामागे नेऊन मान धरली आहे. ज्या बाईचा खांदा धरला आहे तिला हे जमत नाही. जमलं असतं तर हूक लावायला सून कशाला लागली असती?

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली